नोंद आणि दखल

शाळेच्या कारभाराविषयी पालक आणि नागरिक जे म्हणणे मांडतात, त्याचे शाळा चालवणाऱ्या मंडळाने काय करायचे, हा वरवर पाहता कार्यपद्धतीचा प्रश्न आहे. बैठक किती दिवसांनी घ्यायची, बोलायला किती वेळ द्यायचा, अर्जाला उत्तर कधी द्यायचे, हे नियमांनी ठरवता येते. पण सगळे नियम पाळले जाऊनही माणूस बैठकीतून हिरमुसला होऊन बाहेर पडतो. त्याला बोलू दिलेले असते, तरी आपले ऐकले गेले असे त्याला वाटत नाही. इथे प्रश्न नियमांच्या पलीकडे जातो. ऐकणे म्हणजे नेमके काय? ज्याच्या हाती अधिकार आहे त्याच्यावर ऐकण्याचे बंधन असते का? आणि असलेच, तर ते कशाने पूर्ण होते?

या प्रश्नाचे मर्म मराठीतल्या दोन साध्या शब्दांत सापडते: नोंद आणि दखल. नोंद वहीत होते. दखल घेणाऱ्याच्या मनात सुरू होते आणि त्याच्या निर्णयात दिसते. कचेरीतल्या पत्रव्यवहारात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांच्यात मोठे अंतर आहे. नागरिकाच्या वैफल्याचे मूळ त्याच अंतरात आहे.

शाळा मंडळापासून व्यवस्थापन समितीपर्यंत

लोकांनी निवडलेल्या मंडळाने गावची शाळा चालवावी ही पद्धत इंग्लंडमध्ये १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने रूढ झाली. तिथली मंडळे १९०२ च्या कायद्याने मोडीत निघाली. अमेरिकेत मात्र स्थानिक शाळा मंडळ आजही शिक्षणाच्या कारभाराचा कणा आहे. हिंदुस्थानात १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे आणि नगरपालिकांकडे सोपवण्याची शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांकडे दिला आणि ‘स्कूल बोर्ड’ हा शब्द खेडोपाडी पोचला. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाल्यावर ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या.

आजच्या व्यवस्थेचा पाया बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा आहे. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्मे सदस्य स्त्रिया असतात. दुर्बल आणि वंचित गटांतल्या पालकांना प्रमाणात जागा मिळाव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे आहेत. कलम ३२ प्रमाणे बालकाच्या हक्काविषयी कोणालाही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. प्राधिकरणाने संबंधितांना म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊन ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने त्यात भर घातली आहे. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे धोरण ठरवताना त्यासंबंधीची वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे आणि प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना सांगणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे.

कागदावर पाहिले तर पालकाला शाळेच्या कारभारात एवढे स्थान याआधी कधीच नव्हते. म्हणूनच त्याच्या पदरी येणारी निराशा अधिक खोल असते. ज्याला दारच नव्हते तो बाहेर उभा राहतो. ज्याला दार आहे असे सांगितले गेले आणि ते आतून बंद निघाले, त्याचे दुःख वेगळे.

बैठकीच्या खोलीत

जिल्हा परिषदेच्या शाळेतली समितीची बैठक जवळून पाहिली म्हणजे हे अंतर कसे तयार होते ते कळते. बैठक बहुधा कामाच्या दिवशी, भर दुपारी असते. रिकाम्या वर्गात सतरंजी अंथरलेली असते. मुख्याध्यापक सचिव म्हणून मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचतात. विषय एकामागून एक पुकारले जातात, सूचक आणि अनुमोदकाची नावे लिहिली जातात. शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय येतात, आणि पालकांच्या मनात जे असते ते याच शेवटच्या पाच मिनिटांत बाहेर पडते.

अशा वेळी एखादी आई सांगते की मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसते, त्यामुळे सातवीच्या मुली दुपारच्या सुट्टीत घरी जातात आणि परत येत नाहीत. मुख्याध्यापक मान डोलावतात, “वर कळवतो, ताई,” म्हणतात. नोंदवही सर्वांपुढून फिरते, सह्या आणि अंगठे होतात. वहीत वाक्य उमटते: शाळेच्या भौतिक सुविधांबाबत चर्चा झाली, ठराव सर्वानुमते मंजूर.

त्या आईने एक नेमकी गोष्ट सांगितली होती. तिच्यात मुली होत्या, वेळ होती, कारण होते आणि परिणाम होता. वहीत यातले काहीच उरले नाही. ‘भौतिक सुविधा’ या शब्दांत तिचे बोलणे विरघळून गेले आणि ‘सर्वानुमते’ या शब्दाने तिची सहीही त्या विरघळण्यावर घेतली गेली. पुढे तो विषय लेखी अर्जाने गेला तर केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी अशा पायऱ्या चढतो. प्रत्येक टेबलावर आवक क्रमांक पडतो, गोल शिक्का उमटतो आणि ‘पुढील उचित कार्यवाहीसाठी सादर’ असा शेरा मिळतो. अर्जदाराच्या हाती पोच असते. अर्ज पोचल्याचा पुरावा त्याच्याजवळ आहे, पण म्हणणे पोचल्याचा पुरावा कुठेच नाही.

इथे कोणी वाईट हेतूने वागलेले असतेच असे नाही. मुख्याध्यापकाच्या हाती निधी नसतो आणि ज्याच्या हाती निधी असतो तो त्या खोलीत नसतो. ऐकणारा ठरवू शकत नाही आणि ठरवणारा ऐकत नाही, ही या व्यवस्थेची मूळ अडचण आहे.

श्रवण, मनन आणि संशय

ऐकणे ही कानाची क्रिया नाही, हे भारतीय विचारपरंपरेने फार पूर्वी ओळखले. बृहदारण्यक उपनिषदातल्या याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवादात श्रवण, मनन आणि निदिध्यासन हा क्रम येतो. ऐकलेले युक्तीने तपासणे म्हणजे मनन आणि ते मनात मुरवणे म्हणजे निदिध्यासन. मननाशिवायचे श्रवण अपुरे मानले गेले. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगताना पहिला समास श्रवणालाच दिला आहे.

मात्र या परंपरेतला श्रोता खाली बसलेला आहे. तो शिष्य आहे, भक्त आहे. सांगणारा गुरू आहे किंवा शास्त्र आहे, आणि त्याचा अधिकार श्रोत्याहून मोठा आहे. लोकशाहीत हे नाते उलटते. इथे ऐकणारा खुर्चीवर असतो आणि सांगणारा समोर उभा असतो. ज्याच्याजवळ अधिकार कमी आहे त्याचे बोलणे ज्याच्याजवळ अधिकार जास्त आहे त्याने शिष्यभावाने ऐकायचे असते. ही अपेक्षा अवघड आहे, कारण अधिकाराची सवय माणसाला आधीच सगळे माहीत असल्याची भावना देते.

या अवघड कामासाठी उपयोगी पडेल अशी रचना पूर्वमीमांसेत आहे. मीमांसक प्रत्येक वादविषयाचा विचार अधिकरण या घटकात करतात. त्याची पाच अंगे सांगितली जातात: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. आधी विषय ठरतो. मग त्याविषयी खरी शंका आहे हे दाखवावे लागते. नंतर विरुद्ध मत पूर्ण ताकदीने मांडायचे, त्याला मुद्देसूद उत्तर द्यायचे आणि त्यानंतरच निर्णयाला यायचे. पूर्वपक्ष लुळा करून मांडणे हा या शिस्तीत दोष आहे. विरोधकाला स्वतःला मांडता आला नसता इतक्या स्पष्टपणे त्याचा पक्ष मांडणे ही भाष्यकाराची शान मानली गेली.

शाळेच्या निर्णयाला ही पाच अंगे लावून पाहिली की दोष नेमका कुठे आहे ते दिसते. बैठकीत विषय असतो आणि निर्णयही असतो. हरवतात ती मधली तीन अंगे. त्यांतही सर्वांत महत्त्वाचे अंग संशय. निर्णय घेणाऱ्याच्या मनात खरी शंका उरलेली नसेल, तर पुढची सुनावणी म्हणजे नुसता देखावा. हरकती व सूचना मागवणारी जाहिरात निघते तेव्हा आराखडा पक्का झालेला आहे की कच्चा, यावर त्या जाहिरातीचा प्रामाणिकपणा ठरतो.

न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता समोरच्याचे फक्त खोडत राहणे ती वितंडा. मंडळ नागरिकाचा प्रत्येक मुद्दा नियमाच्या आडोशाने परतवू लागते तेव्हा जल्प सुरू होतो. नागरिक प्रत्येक प्रस्तावाला विरोध करतो पण पर्याय सुचवत नाही तेव्हा वितंडा सुरू होते. सार्वजनिक सुनावणीचे वादात रूपांतर होण्यासाठी दोन्ही बाजूंना काही सोडावे लागते.

कायदा किती दूर जातो

दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे जुने तत्त्व आहे. भारतात १९७८ च्या मेनका गांधी खटल्याने ते घटनेच्या अनुच्छेद २१ शी घट्ट जोडले. पन्नाशीच्या दशकाअखेरीस आंध्रातल्या बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली होती. तिथे हरकती ऐकल्या सचिवांनी आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ठरवायचे, तर सुनावणी हा पोकळ उपचार होतो, असे न्यायालयाने मानले. १९८७ साली बँकांच्या विलीनीकरणात नोकरी गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात न्यायालयाने निर्णयानंतरच्या सुनावणीची दुर्बलता दाखवली: एकदा निर्णय घेतला की तो उचलून धरण्याकडे माणसाचा कल होतो.

ही तत्त्वे भक्कम आहेत, पण ती मुख्यतः विशिष्ट व्यक्तीच्या हक्कावर गदा येते तेव्हा लागू होतात. धोरण असंख्य लोकांना लागू होते. तिथे प्रत्येकाला सुनावणी देण्याचे बंधन न्यायालये सहसा मानत नाहीत. अमेरिकेतल्या दोन निकालांत ही सीमा ठळक दिसते. १९७६ साली विस्कॉन्सिनमधल्या एका शाळा मंडळाच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मंडळाच्या खुल्या बैठकीत बोलू पाहणाऱ्या शिक्षकाला तो संघटनेचा प्रतिनिधी नाही म्हणून गप्प करता येणार नाही. १९८४ साली मिनेसोटातल्या प्राध्यापकांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की धोरण ठरवणाऱ्या संस्थेने नागरिकाचे ऐकलेच पाहिजे असा घटनात्मक हक्क नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ असा होतो: बोलू द्यावे लागेल, ऐकावेच लागेल असे नाही. कायदा तोंडापाशी थांबतो. कानापर्यंतचा रस्ता नीतीने चालायचा असतो.

ऐकण्याची तीन कारणे

अधिकाऱ्याने नागरिकाचे का ऐकावे, याला तीन वेगवेगळी उत्तरे आहेत.

पहिले उत्तर ज्ञानाचे. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. महाराष्ट्रात पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलांना तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असा नियम आहे. डिसेंबर २०१७ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३०० हून अधिक शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवण्याचे ठरवले. नकाशावर अंतर मोजता येते. पण वाटेतला ओढा श्रावणात किती चढतो, कोणत्या वळणावर वस्ती संपून रान लागते, लहान भावाला कडेवर घेऊन चालणारी आठ वर्षांची मुलगी ते अंतर किती वेळात कापते, हे नकाशाला माहीत नसते. वाडीतल्या माणसाला ते माहीत असते. जैन दर्शनातला अनेकांतवाद सांगतो की वस्तूला अनंत बाजू असतात आणि एका जागेवरून तिचे एकच अंग दिसते. कार्यालयातून दिसते ते खोटे नसते, अपुरे असते. वाडीतून दिसते तेही अपुरेच असते. दोन अपुऱ्या ज्ञानांची भेट घडवणे हे सुनावणीचे काम आहे.

दुसरे उत्तर माणुसकीचे. निर्णयाची झळ ज्याला लागणार आहे त्याला कारण सांगणे म्हणजे तो कारण समजू शकणारा माणूस आहे हे मान्य करणे. कारण न सांगता त्याला हलवणे म्हणजे त्याला सामानासारखे हलवणे.

तिसरे उत्तर टिकाऊपणाचे. ज्या निर्णयात लोकांचा सहभाग नसतो तो लोक आपला मानत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, शांतपणे मांडलेले म्हणणे दुर्लक्षिले जाते आणि गोंधळ झाला की निर्णय फिरतो, असे एकदा दिसले की लोक पुढच्या वेळी थेट गोंधळाकडे वळतात. २०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेबाबत १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला, १७ जूनला सुधारित निर्णय आला आणि राज्यभरच्या विरोधानंतर २९ जूनला दोन्ही रद्द होऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या धोरणाच्या गुणदोषांविषयी मते काहीही असोत, क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: निर्णय आधी, विचारविनिमय नंतर. जे मंडळ फक्त मोठा आवाज ऐकते, ते आवाज मोठा करायला शिकवते.

ऐकणे म्हणजे मानणे नव्हे

या भूमिकेवर गंभीर आक्षेप आहेत. पहिला प्रतिनिधित्वाचा. निवडून आलेल्या सदस्याने मतदारांच्या इच्छेचा निरोप्या व्हावे की स्वतःच्या विवेकाने ठरवावे, हा वाद एडमंड बर्क यांच्या १७७४ च्या ब्रिस्टलच्या भाषणापासून चालू आहे. बर्क विवेकाच्या बाजूने होते. मंडळ जर प्रत्येक हरकतीपुढे झुकू लागले, तर ज्याचा आवाज मोठा त्याची शाळा होईल.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि त्याचा दाखला पुण्यातच आहे. १८४८ साली भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली तेव्हा भोवतालच्या वजनदार लोकमताचा तिला विरोध होता. त्या दिवसांत हरकती व सूचना मागवून बहुमताने निर्णय झाला असता तर ती शाळा टिकली नसती. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे आणि शाळा खुल्या करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, पण गावोगावच्या मताने त्याची अंमलबजावणी अडवून धरली. स्थानिक आवाज नेहमी न्यायाचा आवाज असतो असे मानणे भाबडेपणाचे आहे.

हे आक्षेप खरे आहेत आणि त्यांच्यामुळे ऐकण्याचा अर्थ उलट स्पष्ट होतो. ऐकणे म्हणजे मानणे नव्हे. मीमांसकाने पूर्वपक्ष मांडला म्हणजे तो स्वीकारला असे होत नाही. बहुतेक वेळा तो नाकारण्यासाठीच मांडलेला असतो, पण नाकारण्यापूर्वी त्याला उत्तर दिलेले असते. मुलींच्या शाळेला विरोध करणाऱ्याचे म्हणणे नाकारायलाच हवे होते, आणि नाकारण्याची कारणे उघडपणे देता येत होती. नागरिकाला निर्णयावर मालकी नसते. त्याचा हक्क उत्तरावर असतो.

बालकाच्या हक्काची मर्यादाही इथे येते. शाळेविषयीच्या वादात पालक, शिक्षक, संस्थाचालक, पुढारी सगळे बोलतात. ज्याच्यासाठी शाळा आहे ते मूल बोलत नाही. १९८९ च्या बालहक्क संहितेचा अनुच्छेद १२ मुलाला त्याच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देतो आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली आहे. पालकाचे म्हणणे मुलाच्या हिताशी ताडून पाहणे हे मंडळाचे काम आहे. पण ‘मुलांचे हित’ हे शब्द उच्चारून पालकाला गप्प करणे हे ताडून पाहणे नव्हे.

जे खोलीत नसतात

सर्वांत मोठा अन्याय जो बोलला आणि ज्याचे ऐकले गेले नाही त्याच्यावर होत नाही. तो खोलीत पोचूच न शकलेल्यावर होतो. मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. शाळेच्या वर्षाचा निम्मा भाग ते कारखान्याच्या फडात असतात. त्यांच्या मुलांच्या हजेरीवर जेव्हा चर्चा होते तेव्हा ते गावात नसतात. भर दुपारच्या बैठकीला येणे म्हणजे रोजगार बुडवणे, हा हिशेब प्रत्येक मजूर आईला करावा लागतो. कायद्याने निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आहेत, पण अनेक ठिकाणी सही सदस्य बाईची आणि बोलणे तिच्या नवऱ्याचे असते.

आणि ती स्वतः बोललीच, तर दुसरी भिंत उभी राहते. तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली तिला ज्ञानविषयक अन्याय म्हटले: बोलणाऱ्याची जात, लिंग, वर्ग किंवा बोली पाहून त्याच्या शब्दाची किंमत कमी धरणे. तेच वाक्य पँट-शर्टातल्या माणसाने प्रमाण मराठीत म्हटले तर मुद्दा होतो, आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बाईने तिच्या बोलीत म्हटले तर गाऱ्हाणे होते. मुद्द्याला उत्तर द्यावे लागते, गाऱ्हाण्याचे सांत्वन केले जाते. ‘त्यांना काय कळतंय’ हे वाक्य मनात जरी आले तरी सुनावणी तिथेच संपलेली असते. मग ती तासभर चालली तरी फरक पडत नाही.

वैफल्य आणि निष्कामता

वारंवार न ऐकल्या गेलेल्या नागरिकाला जे वैफल्य येते, त्याकडे सहसा स्वभावदोष म्हणून पाहिले जाते. हा माणूस कटकट्या आहे, याला सगळीकडे खोट दिसते, असे म्हटले जाते. पण रोष हा नुसता भावनेचा उमाळा नसतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९६२ च्या निबंधात दाखवले की दुसऱ्याने आपल्याशी कोणत्या वृत्तीने वागावे याविषयी आपली रास्त अपेक्षा असते आणि ती मोडली की रोष येतो. दगड अंगावर पडला तर दुखते. कोणी जाणूनबुजून ढकलले तर दुखण्यापलीकडे काही होते. आपली मागणी फेटाळली गेली म्हणून नागरिक निराश होतोच, पण त्याला आतून पोखरते ते आपण बोललो नसतो तरी चालले असते ही जाणीव.

यावर धार्मिक परंपरेतून एक सल्ला दिला जातो. गीता फळाची आस न धरता कर्म करायला सांगते. मग नागरिकाने आपले म्हणणे मांडावे आणि शांत व्हावे. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. फलत्याग हा कर्म करणाऱ्याच्या अहंकारावरचा उपाय आहे. आपलेच खरे व्हावे या हट्टातून तो सोडवतो. पण एकाने आस सोडली म्हणून दुसरा कर्तव्यातून सुटत नाही. ऐकणाऱ्याचेही कर्म आहे, आणि निष्कामतेचा उपदेश त्यालाही आहे: आपल्या मूळ प्रस्तावाची आसक्ती त्यानेही सोडायची आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात गीतेचा अर्थ कर्मयोगपर लावला आणि लोकसंग्रहाला, म्हणजे समाजाची घडी नीट राखण्याला, महत्त्वाचे स्थान दिले. त्या अर्थाने निष्काम नागरिक म्हणजे गप्प बसलेला नागरिक नव्हे. स्वतःचे मूल शाळेतून बाहेर पडल्यावरही जो त्याच स्वच्छतागृहाच्या पाण्याविषयी बोलत राहतो, तो निष्काम.

मराठीतला ‘दाद’ हा मूळ फारसी शब्द इथे आठवावा. आपण न्यायासाठी दाद मागतो आणि मैफलीत गायकाला दाद देतो. दोन्ही ठिकाणी अर्थ एकच आहे: जे पोचले ते पोचल्याचे समोरच्याला कळवणे. दाद न मिळालेला गायक आणि दाद न लागलेला फिर्यादी एकाच प्रकारे एकाकी असतो.

किमान देणे

या सगळ्यातून शाळा चालवणाऱ्या मंडळाचे नागरिकाला असलेले देणे ठरवता येते. निर्णय कच्चा असतानाच विचारावे. ज्याला ठरवायचे आहे त्यानेच ऐकावे, निदान ऐकणाऱ्याचा लेखी अहवाल वाचून मगच ठरवावे. ज्यांना झळ लागणार आहे त्यांना येता येईल अशी वेळ आणि जागा ठेवावी. म्हणणे बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहावे. ते मान्य असेल तर काय बदलले ते सांगावे, मान्य नसेल तर का नाही ते सांगावे. यातली एकही गोष्ट खर्चिक नाही आणि एकीनेही मंडळाचा अधिकार कमी होत नाही.

यातली सर्वांत खालची पायरी म्हणजे खरी नोंद, आणि तीही क्षुल्लक नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. रयतेच्या कष्टातून सरकारी तिजोरी भरते पण शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, असे त्यांनी दाखवले आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. आयोगाने सक्तीची शिफारस केली नाही. दखल घेतली गेली नाही, पण निवेदन आयोगाच्या पुराव्यांत त्यांच्या शब्दांत छापले गेले. त्यानंतर गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. निवेदनानंतर १२७ वर्षांनी देशभरासाठी कायदा झाला.

एका पिढीने न घेतलेली दखल दुसरी पिढी घेऊ शकते, पण त्यासाठी म्हणणे जसेच्या तसे उरावे लागते. पाण्याविषयी बोललेल्या त्या आईचे वाक्य वहीत तिच्या शब्दांत लिहिले गेले असते, तर पुढच्या बैठकीत कोणीतरी ते वाचून विचारू शकले असते: याचे काय झाले? ‘चर्चा झाली’ या दोन शब्दांना असा प्रश्न विचारता येत नाही.